शंभर टक्के तपासलेली टेकडी

सकाळी साडेसहाला प्रशिक्षण केंद्राच्या मैदानावर काय काय होतं, ते मी मोजून वहीत उतरवलं. अधिकारी चोवीस, शिपाई छत्तीस, वॉकीटॉकी नऊ, त्यांतले चालू सात. स्ट्रेचर एक. पाण्याचे जार बारा. मंडप एक, खुर्च्या दीडशे, पैकी पांढरी कव्हरं घातलेल्या अकरा. रांगोळी काढणाऱ्या महिला शिपाई दोन. पुष्पगुच्छ सहा. हरवलेला माणूस एक. तो अर्थातच मैदानावर नव्हता.

"मॅडम, खुर्च्या कशाला मोजताय?" मागून इंगवले साहेबांनी विचारलं.

"सवय आहे सर."

"मग पुष्पगुच्छ पुन्हा मोजा. मी सात सांगितले होते."

पुन्हा मोजले. सहाच होते. पोलीस निरीक्षक इंगवले केंद्राचे समन्वयक होते. आपल्या बावीस वर्षांच्या नोकरीत एकही कार्यक्रम फसला नाही, हे ते पहिल्या भेटीत नावाच्याही आधी सांगत. त्यांनी लगेच एका शिपायाला मोटरसायकलवर गावात पिटाळलं.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं आणि सहा महिन्यांच्या करारावर पोलिसांना हरवलेली माणसं शोधायला शिकवत होते. शोधायला म्हणजे शोधाची आखणी करायला. नकाशाचे पट्टे पाडायचे, माणूस कुठल्या पट्ट्यात असण्याची शक्यता किती ते ठरवायचं, तिथे शोधणाऱ्यांची रांग पाठवायची, रांग परत आली की शक्यता नव्याने मांडायची. पाच दिवसांचा वर्ग होता, आज शेवटचा दिवस आणि प्रात्यक्षिक. अकरा वाजता उपमहानिरीक्षक साहेब समारोपाला येणार होते. त्यांना वर्ग पसंत पडला तर तो पाच जिल्ह्यांत जाणार होता आणि माझा करार तीन वर्षांचा होणार होता.

केंद्राच्या मागची चिंचोरीची टेकडी मी नऊ पट्ट्यांत विभागली होती. हरवायला हवालदार ढेपे तयार झाले होते. वय चोपन्न, गुडघे दुखरे, साखरेची गोळी चालू. पहाटे सव्वापाचला मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले, तेव्हा त्यांच्या हातात पाण्याची एक बाटली होती आणि खिशात बिस्किटांचा पुडा.

"कुठं लपू मॅडम?"

"तुम्हीच ठरवा काका. मला सांगू नका."

"तुमालाबी न्हाई?"

"मला माहीत असेल तर माझ्या तोंडावरून यांना कळेल. मग चाचणीला अर्थ नाही. फोनही माझ्याकडे द्या."

फोन देताना ते जरा घुटमळले. "मंडळींचा फोन येतो दुपारी."

"तोपर्यंत तुम्ही परत आलेले असाल. आणि हे बघा, हरवलेली माणसं पुष्कळदा हाकेला ओ देत नाहीत. घाबरलेली असतात, गोंधळलेली असतात. तेव्हा कोणी कितीही ओरडलं तरी तुम्ही ओ द्यायची नाही."

"अगदी जवळ आलं तर?"

"तरी नाही. त्यांनी तुम्हाला बघायला हवं. सापडलाच नाहीत तर आम्ही गाडीचा भोंगा तीनदा वाजवू, मग या खाली."

"अकराच्या आत हुईल ना? दहाला गोळी घ्यायची, मग जेवाय लागतं."

"अकराच्या आत," मी म्हणाले. हा आकडा मी कशावरून काढला होता, ते आजही मला सांगता येणार नाही.

ढेपेकाका टेकडीकडे चालू लागले. चोख प्रयोग मांडल्याचं समाधान घेऊन मी चहाला गेले.

सात वाजता पहिल्या रांगा निघाल्या. मंडपाच्या कोपऱ्यातल्या टेबलावर मी नकाशा पसरला होता. रांग परतली की तिचा अधिकारी एक फॉर्म भरून देई. फॉर्मातला शेवटचा रकाना माझा लाडका होता: या पट्ट्यात माणूस असता तर तो तुम्हाला दिसला असता, याची खात्री किती टक्के? आदल्या चार दिवसांत मी हे निदान दहादा सांगितलं होतं. झाडीत चांगली रांग गेली तरी पन्नास-साठ टक्केच हाती लागतात. शंभर कधीच नाही. चोवीस अधिकाऱ्यांनी चारही दिवस माना डोलावल्या होत्या.

पहिला फॉर्म आला. पट्टा एक, शंभर टक्के. मग पट्टा दोन, शंभर. पट्टा तीन, शंभर. तो उपनिरीक्षक रुक्साना मुलाणी यांनी आणून दिला. वर्गात सगळ्यांत जास्त प्रश्न विचारणारी बाई होती ती.

"मुलाणी मॅडम, शंभर?"

त्यांनी इंगवले साहेबांकडे एकदा पाहिलं आणि मग नकाशाकडे. "हो मॅडम. शंभर."

पट्टा चारलाही शंभर आल्यावर मी इंगवले साहेबांनाच विचारलं. ते समजूतदारपणे हसले.

"मॅडम, तुमचं पुस्तक बरोबर आहे. पण साठ लिहिले की उरलेल्या चाळीसचा खुलासा मागतात. तो खुलासा लिहायला अख्खा दिवस जातो. शंभर लिहिलं की विषय संपतो."

"पण मग नकाशा चुकतो सर."

"नकाशाला मेमो निघत नाही."

दिलेला आकडा दिला तसाच भरायचा, अशी मला शिस्त होती. मी भरत गेले. शंभर भरलं की त्या पट्ट्याची शक्यता शून्य होई आणि उरलेल्या पट्ट्यांवर वाटली जाई. सव्वादहापर्यंत आठ पट्टे शून्य झाले. ढेपेकाका आता गणिताने एकाच जागी असू शकत होते: पट्टा नऊ, टेकडीपलीकडची जुनी दगडखाण. दुखऱ्या गुडघ्यांचा माणूस पहाटे अंधारात तिथवर कशाला जाईल, असा प्रश्न माझ्या गणितात बसत नव्हता. सगळ्या रांगा तिकडे गेल्या.

दहा पस्तीसला फाटकावर धावपळ झाली. साहेबांची गाडी पंचवीस मिनिटं आधी आली होती.

इंगवले वॉकीटॉकी घेऊन मंडपामागे गेले. साहेब येऊन बसले. उंच, सडपातळ, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी मला नकाशाबद्दल तीन प्रश्न विचारले, तिन्ही नेमके. मी हुरळून उत्तरं दिली.

"आणि अजून सापडला नाही?"

"शेवटचा पट्टा चालू आहे सर."

दहा बावन्नला टेकडीच्या बाजूने आरोळी उठली. स्ट्रेचर आलं. त्याच्यावर डोक्याला पांढरी पट्टी बांधलेला, शर्टाची बाही फाटलेला माणूस पडला होता. टाळ्या वाजायला लागल्या. स्ट्रेचर जवळ आल्यावर मी त्याचं तोंड पाहिलं. तो लोंढे होता, केंद्राच्या जीपचा ड्रायव्हर.

"सर," मी इंगवल्यांच्या कानाशी म्हणाले, "हा लोंढे आहे."

"हळू. साहेब लवकर आले, काय करता? साडेअकराला त्यांना पुढची मीटिंग होती, थांबायला वेळ नव्हता. ती रद्द झाल्याचं आत्ता कळलं, म्हणून जेवायला थांबतायत. ढेपेला बोलवायला मुळीक हवालदाराला सांगितलंय मी."

ढेपेकाका कुठे आहेत ते मलाच ठाऊक नव्हतं, तर मुळीकला कसं ठाऊक असणार, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडलाही. पण टाळ्या चालू होत्या, साहेब माझ्याकडे बघून मान हलवत होते, आणि इंगवल्यांनी माझ्यापुढे फॉर्म धरला होता. सापडल्याची वेळ: दहा बावन्न. ठिकाण: पट्टा नऊ. प्रशिक्षकाची सही.

मी सही केली. साहेबांनी उठून लोंढ्याच्या गळ्यात हार घातला. लोंढ्याने स्ट्रेचरवरूनच सॅल्यूट ठोकला, मग आपण जखमी असल्याचं आठवून हात खाली टाकला.

सापडलेल्या माणसासाठी भोंगा कोणी वाजवत नाही. तो वाजला नाही.

भाषणं सव्वाबारापर्यंत चालली. साहेब थोडकं बोलले, पण त्यांच्याआधी पाच जण बोलले. मंडपात एकोणचाळीस अंश होते. त्यानंतर जेवणाची पंगत. पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात, गुलाबजाम. मी माझे कागद ठेवायला ऑफिसात गेले, तेव्हा माझ्या टेबलाच्या खणात फोन वाजत होता. ढेपेकाकांचा.

"अहो, जेवलात का?" बाईंचा आवाज होता.

"काकू, मी इथली शिक्षिका बोलतेय. पोतनीस."

"ह्यांचा फोन तुमच्याकडं कसा?"

"ते... कामात आहेत. येतील आता."

"येतील म्हंजे? एक वाजला. दहाला गोळी घेतली आसंल तर अकराला खायाच लागतं त्यांना. मागं दिवाळीत आसंच झालं, दारातच पडले. डोळे उघडे आन् बोलंनात. बाई, जरा बघा की, कुठं हैत?"

"बघते काकू."

मी धावत भटारखान्याच्या मागे गेले. मुळीक हवालदार हात धूत होते.

"मुळीक, ढेपेकाकांना बोलावलंत का?"

"निघालो होतो मॅडम. तेवढ्यात टाळ्या वाजल्या. मला वाटलं, घावला. मग बोलवायचं कुणाला?"

मी लोंढ्याला जीपचा भोंगा तीनदा वाजवायला लावला. मग पाच मिनिटं थांबून पुन्हा तीनदा. टेकडीवरून कोणी आलं नाही. दुपारच्या उन्हात ती पिवळी, निवांत पडलेली होती.

भोंगा ऐकून इंगवले बाहेर आले. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. तो माणूस वाईट नव्हता. ढेप्यांच्या मुलीच्या लग्नात तीन दिवस राबला होता. पण लगेच त्याने घड्याळ पाहिलं.

"साहेब तीनला निघतात. ते गेले की अख्खी टेकडी उलटी करतो. तोवर चार माणसं गुपचूप पाठवतो."

"कुठे पाठवणार सर? नऊ पट्टे आहेत."

"नऊला पाठवू."

"नऊमधून लोंढे आणलात ना?"

"लोंढे गाडीतून आणला," इंगवले म्हणून गेले. मग हळू आवाजात पुढे म्हणाले, "बाई, कागदावर तो सापडलाय. सही तुमची आहे. आता शोधायचं म्हणजे कोणाला शोधतोय, ते काय लिहू?"

त्यांच्या बोलण्यात चूक काढायला जागा नव्हती. नोंदीप्रमाणे आठ पट्टे शंभर टक्के तपासलेले होते, म्हणजे ढेपे तिथे असणं शक्य नव्हतं. नवव्यात ते सापडलेले होते. माझ्या नकाशाप्रमाणे ढेपेकाका जगात कुठेच नव्हते. एक वाजून बावीस मिनिटं झाली होती आणि गोळीला तीन तास बावीस मिनिटं.

मी जेवणाच्या हॉलमध्ये गेले. साहेब गुलाबजाम फोडत होते.

"सर, सकाळी सापडलेला माणूस हरवलेला माणूस नव्हता. खरा माणूस अजून टेकडीवर आहे. त्याला साखरेचा त्रास आहे. भोंग्याला येत नाहीये. फॉर्मवर सही मी केली, खोटं आहे हे माहीत असताना."

साहेबांनी चमचा खाली ठेवला.

"मग मी हार कोणाला घातला?"

"लोंढे ड्रायव्हरला, सर."

"छान निजला होता." साहेब उठले. "इंगवले, खुलासा नंतर. मॅडम, माणूस कुठे आहे?"

"माहीत नाही सर. हे सगळे आकडे शंभर आहेत. यांच्यावरून काहीच काढता येत नाही."

"मग खरे आकडे घ्या. आत्ता, इथे." त्यांनी हॉलभर पाहिलं. "ज्याने कमी सांगितलं त्याच्यावर काहीही होणार नाही. ज्याने शंभर सांगितलं, त्याच्यावर होईल."

चोवीस अधिकारी आपापल्या पुऱ्यांकडे बघत होते. शेवटी मुलाणी उभ्या राहिल्या.

"पट्टा तीन आमचा होता सर. तीस टक्के. फार तर. करवंदाच्या जाळ्यांत शिरलोच नाही आम्ही."

"का?"

"काटे होते सर. आणि युनिफॉर्म इस्त्रीचे होते. आपण येणार होतात."

त्यानंतर मात्र सगळेच बोलायला लागले.

"पट्टा एक, चाळीस. वरचा अर्धा दुर्बिणीतून बघितला."

"सहा, वीस सर. ओढा ओलांडला नाही. बूट पॉलिश..."

"पट्टा पाच?" साहेबांनी विचारलं.

कोपऱ्यातला एक जाडसर अधिकारी उठला. "पाचमध्ये आम्ही नाश्ता केला सर."

"आणि शोध?"

"नाश्ता करताना चौफेर नजर होती सर."

मी समारोपाच्या निमंत्रणपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आकडे मांडले. पाच दिवसांत पहिल्यांदाच खरे आकडे माझ्या हातात होते. गुणाकार बरोबर आला. मी दोनदा तपासला. दगडखाण तळाला गेली. वर आला पट्टा तीन, एकेचाळीस टक्के. फाटकापासून सगळ्यांत जवळची सावली तिथेच होती.

"तीन," मी म्हणाले.

"सगळे," साहेब म्हणाले. "आणि काट्यांत शिरायचं. इस्त्रीची काळजी माझी."

एक चौतीसला साठ माणसं हातभर अंतराने रांगेत उभी राहिली. रांगेत मीही होते. माझ्या डाव्या हाताला मुलाणी होत्या आणि त्यांच्या हातात भटारखान्यातून उचललेला स्टीलचा डबा होता. त्यात गुलाबजामचा पाक होता.

"हा कशाला?" मी विचारलं.

"माझ्या अब्बांना साखर आहे," त्या म्हणाल्या. "गोळी घेऊन जेवलं नाही की ती एकदम उतरते. मग जे गोड मिळेल ते द्यायचं असतं."

चालायला लागलो. कोणी हाका मारत नव्हतं. करवंदाच्या जाळ्यांत हात घालून, फांद्या उचलून माणसं आत बघत होती. कापड फाटल्याचे आवाज येत होते. माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत ओरखडे उठले होते. वीस मिनिटांनी मुलाणी एका जाळीसमोर थांबल्या, मग पोटावर पडून आत सरकल्या. आतून त्यांचा आवाज आला.

"मॅडम! डबा द्या. डबा!"

ढेपेकाका जाळीच्या आत एका खोलगट जागेत कुशीवर पडले होते. अंग घामाने भिजलेलं आणि हाताला थंड. डोळे अर्धे उघडे. बाटली रिकामी, बिस्किटांचा पुडा मुंग्यांनी भरलेला. मुलाणींनी पाकात बोट बुडवून त्यांच्या गालाच्या आत चोळलं. पुन्हा बुडवलं, पुन्हा चोळलं. मी घड्याळ धरून बसले होते, कारण दुसरं काही मला येत नव्हतं. सहाव्या मिनिटाला त्यांनी ओठ चाटले. दहाव्या मिनिटाला मुलाणींकडे पाहिलं. चौदाव्या मिनिटाला ते बोलले.

"घावलो का मी?"

"हो काका," मी म्हणाले. "सापडलात."

"किती वाजले?"

"दोन वाजून आठ."

"उशीर झाला म्हनायचा." त्यांनी माझ्याकडे मान वळवली. "मॅडम, मी ओ दिली न्हाई बरं का. सकाळी तीनदा गेली मानसं हितनं. शेवटाला एक सायेब तर हितंच उभं ऱ्हाऊन फोनवर मुलाच्या क्लासबद्दल भांडत हुते. मला त्यांचे बूट दिसत हुते. भूक लागली हुती, चक्कर यायला लागली हुती, पन तुमी म्हनला हुता, कितीबी जवळ आलं तरी ओ द्यायची न्हाई."

"का नाही दिलीत काका?" मुलाणी म्हणाल्या. "मी होते ना इथे. मीच होते सकाळी."

"आवो, नापास झालो आसतो ना मी," ढेपेकाका म्हणाले.

स्ट्रेचर आलं. या वेळी ते खरोखर उचलताना चार जणांना जड गेलं. साहेब स्वतः एका टोकाला होते आणि त्यांची बाही खांद्यापाशी उसवली होती. इंगवले दुसऱ्या टोकाला. ते ढेप्यांच्या तोंडावर ऊन येऊ नये म्हणून आपली टोपी धरून वाकडे चालत होते. खाली गाडी तयार होती. दवाखाना अठरा किलोमीटरवर. मी ढेपेकाकांचा फोन काकूंना लावून त्यांच्या कानाशी धरला. "जेवतो आता," एवढंच ते म्हणाले आणि मग बराच वेळ पलीकडचं ऐकून घेत राहिले.

सगळे गेल्यावर मी पुन्हा वर आले. मुलाणी अजून तिथेच बसल्या होत्या, जाळीसमोर, काटे उपसत. जाळीच्या बाहेरच्या फांदीला लाल फीत बांधलेली होती. रांग पुढे सरकताना तपासून झालेल्या जागेवर अशी फीत बांधावी, असं मीच शिकवलं होतं. फितीवर पेनाने लिहिलं होतं: प. ३, ७.४०, पाहिले.

"अक्षर माझं आहे," मुलाणी म्हणाल्या.

मी खिशातून मोजपट्टी काढली. एक टोक त्यांनी फितीपाशी धरलं. दुसरं मी आत सरकून ढेपेकाकांचं डोकं जिथे टेकलं होतं तिथल्या दबलेल्या गवतावर ठेवलं आणि पट्टी ताणून आकडा वाचला.

एक मीटर चव्वेचाळीस सेंटिमीटर.